चालण्याविषयींचे प्रश्न व त्यांची पारख : वणी-यवतमाळ जिल्ह्याच्या खानेसुमारीवरून

इतिहासाच्या साधनांत खानेसुमारीच्या कागदांस आपण बहुधा वरच्या प्रतीचें स्थान देतों. बखरकार अतिशयोक्ति करितो, कैफियत लिहिणारा आपल्या हक्काची बाजू ओढतो. परंतु आंकड्यांच्या तक्त्यास कोणताच पक्ष नसतो, अशी आपली समजूत असते. ही समजूत सर्वस्वीं खरी नाहीं, हें दाखविण्याकरितां प्रस्तुत लेखांत आम्ही एकच लहानसा विषय घेतला आहे. माणसास चालतां, उठतां, बसतां, ओझें उचलतां येतें कीं नाहीं, हें यवतमाळ जिल्ह्यांतील लोकांना सरकारनें केव्हां व कोणत्या शब्दांत विचारलें, आणि मिळालेल्या उत्तरांवर कितपत भरंवसा ठेवावा, एवढाच तो विषय होय. वरवर पाहतां हा वैद्यांचा प्रांत वाटेल. परंतु मूळ प्रश्न साधनपरीक्षणाचा असल्यामुळें तो संशोधकाच्या कक्षेंत पूर्णपणें येतो. शिवाय भौतिकोपचारकांनीं, म्हणजे ज्यांस आज सर्वत्र फिजिओथेरपिस्ट म्हणतात त्यांनीं, अशा प्रश्नांची परीक्षा करण्याची जी रीत बसविली आहे, तिच्यापासून आपणांस शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

१. रकान्यांत नसलेला पांगळा

इ. स. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला. पुढें ज्यास वणी जिल्हा म्हणूं लागले, त्या मुलखाचा कारभार १८६४ च्या सुमारास निराळा झाला; १९०५ सालीं पुसद तालुका त्यास जोडण्यांत येऊन जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. वऱ्हाडची पहिली व्यवस्थित खानेसुमारी नोव्हेंबर १८६७ मध्यें झाली. साऱ्या हिंदुस्थानची पहिली एककालीन गणना १७ फेब्रुवारी १८८१ ची; म्हणजे तिच्या तेरा वर्षें अगोदर ह्या प्रांतांतील माणसें मोजून झालीं होतीं.

१८८१ च्या गणनापत्रकांत शरीरवैगुण्याचा एक रकाना होता. त्यांत चारच प्रकार लिहावयाचे असत : वेडा, मुका-बहिरा, आंधळा व महारोगी. प्रगणकास सूचना अशी कीं, एका डोळ्यानें आंधळा असेल त्यास आंधळा लिहूं नये व अंगावर पांढरे कोड असेल त्यास महारोगी म्हणूं नये. थोड्याफार फरकानें हाच रकाना १९३१ पर्यंतच्या सहा गणनांत चालू राहिला. आपल्या भाषेंत लंगडा, पांगळा, लुळा, थोटा, कुबडा असे वेगवेगळ्या व्यंगांचे वेगवेगळे शब्द आहेत. रोजच्या व्यवहारांत हीं माणसें डोळ्यांपुढें होतीं म्हणूनच हे शब्द झाले. परंतु त्यांपैकीं एकासहि त्या रकान्यांत जागा नव्हती. बाभळीच्या कांट्यानें पाय सडलेला गुराखी, विहिरीच्या कामावर कंबर मोडलेला वडार किंवा लहानपणीं तापांत पाय गेलेलें मूल, हीं सर्व पन्नास वर्षें धडधाकटांतच मोजलीं गेलीं.

येथें पहिला नियम हातीं लागतो. जें विचारलें नाहीं तें नव्हतें, असा अर्थ कागदावरून काढूं नये. पेशवे दप्तरांत एखाद्या गांवच्या स्त्रियांचीं नांवें आढळत नाहींत म्हणून त्या गांवीं स्त्रिया नव्हत्या असें कोणी म्हणत नाहीं. तोच विवेक येथेंहि ठेविला पाहिजे.

जें विचारलें त्याची तरी काय अवस्था होती? महारोग व वेड हीं कुळाला लागलेलीं दूषणें समजलीं जात, मुलीच्या लग्नाच्या आड येत. तेव्हां घरचा कर्ता ती गोष्ट सांगण्यास नाखूष, आणि लिहिणारा पटवारी अथवा शाळामास्तर त्याच गांवचा असल्यामुळें खोदून विचारण्यास संकोचणारा. ह्या रकान्याचे आंकडे भरंवशाचे नाहींत, विशेषतः स्त्रियांचे व लहान मुलांचे आंकडे फार कमी येतात, ही गोष्ट गणनेच्या अधिकाऱ्यांनींच आपल्या अहवालांतून वेळोवेळीं मान्य केली. अखेर १९४१ च्या गणनेंत तो रकानाच गाळण्यांत आला.

२. तीन गणना, तीन निरनिराळे प्रश्न

१९४१ पासून १९७१ पर्यंतच्या चार गणनांत ह्या विषयाची चौकशी झाली नाहीं. १९८१ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं अपंगांचें आंतरराष्ट्रीय वर्ष ठरविलें होतें. त्या गणनेच्या घरयादींत पूर्ण आंधळे, पूर्ण पंगू व पूर्ण मुके अशा तीन वर्गांची चौकशी करण्यांत आली. १८८१ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं पांगळ्यास रकाना मिळाला, परंतु ‘पूर्ण’ ह्या एका विशेषणानें दिलेली जागा बहुतेक परत घेतली. काठी टेकीत शेताच्या धुऱ्यापर्यंत जाणारी म्हातारी ‘पूर्ण पंगू’ खचित नव्हे. मग ती कोण, ह्याचें उत्तर त्या यादींत नाहीं. १९९१ मध्यें हा प्रश्न पुन्हां वगळला गेला.

२००१ सालीं मुख्य गणनापत्रकांतच दृष्टि, वाचा, श्रवण, हालचाल व मन ह्या पांच बाबतींतील अपंगत्व विचारलें गेलें. २०११ सालीं पांचांचे आठ प्रकार झाले. ह्या दोन गणनांचे अखिल भारताचे आंकडे शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. एकंदर अपंगांची संख्या २००१ सालीं २ कोटि १९ लक्ष व २०११ सालीं २ कोटि ६८ लक्ष. दृष्टीच्या अपंगांची संख्या १ कोटि ६ लक्षांवरून ५० लक्षांवर आली. श्रवणाच्या अपंगांची साडेबारा लक्षांवरून ५० लक्षांवर गेली. हालचालीच्या अपंगांची ६१ लक्षांवरून ५४ लक्षांवर उतरली.

दहा वर्षांत निम्मे आंधळे डोळस झाले आणि बहिरे चौपट वाढले, असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. बदलली ती माणसें नव्हेत, प्रश्न बदलला. २००१ सालीं एकाच डोळ्यानें दिसणारासहि अपंगांत धरलें होतें, २०११ सालीं धरलें नाहीं. ऐकण्याचें यंत्र लावणारा पहिल्या खेपेस वगळला होता, दुसऱ्या खेपेस घेतला. हालचालीच्या प्रश्नांत तर २०११ च्या सूचनेनें व्याख्या पुष्कळ विस्तारली : आधार घेऊन चालणारा, सांध्यांचा कायमचा विकार असलेला, हाताचा आंगठा गमावलेला, पाठीस कुबड असलेला, हे सर्व तींत आले. व्याख्या विस्तारली आणि आंकडा मात्र घटला! ‘इतर कोणतेंहि’ व ‘एकाहून अधिक’ असे नवे रकाने निघाल्यामुळें कांहीं माणसें तिकडे गेलीं असावींत, हें एक कारण संभवतें. पोलिओचें उच्चाटन, हेंहि एक कारण कोणी सुचवील; देशांतील ह्या रोगाचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ चा आहे. परंतु प्रश्न तोच राहिला नसल्यामुळें कोणत्या कारणाचा वांटा किती, हें नुसत्या तक्त्यांवरून ठरविणें शक्य नाहीं.

ह्याहून स्पष्ट पुरावा हवा असल्यास राष्ट्रीय नमुना पाहणीचा घ्यावा. तिची ५८ वी फेरी जुलै ते डिसेंबर २००२ मध्यें झाली. गणनेपासून अवघ्या दोन वर्षांच्या आंत. तिच्या अंदाजानें देशांतील एकंदर अपंग १ कोटि ८५ लक्ष, म्हणजे गणनेपेक्षां कमी; परंतु त्यांत हालचालीचे अपंग १ कोटि ६ लक्ष, म्हणजे गणनेच्या पावणेदोनपटीच्या जवळपास. देश एक, काळ एक, आणि पांगळ्यांच्या संख्येंत ४५ लक्षांचें अंतर. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ सालीं २७,७२,३४८ होती. त्या जिल्ह्याच्या तक्त्यांतील हालचालीचा रकाना ह्याच प्रश्नपत्रिकेनें भरला गेला असल्यामुळें देशाच्या आंकड्याचा दोष जिल्ह्याच्या आंकड्यास चुकत नाहीं.

३. दोन कसोट्या

मग अशा आंकड्यांची पारख कशी करावी? येथें भौतिकोपचारकांची रीत उपयोगी पडते. १९५० नंतरच्या दशकांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत ह्या विद्येचें पद्धतशीर शिक्षण सुरू झालें. भौतिकोपचारकांची अखिल भारतीय संघटना १९५५ ची, आणि हाजीअली येथील पुनर्वसन संस्थाहि त्याच वर्षाची. रोग्याची प्रगति मोजावयाची तर सांधा किती अंश वांकतो एवढें पाहून भागत नाहीं. घरीं त्याचें काय अडतें हें त्यालाच विचारावें लागतें. म्हणून प्रश्नावल्या आल्या, आणि प्रश्नावली आली कीं तिच्यावर दोन कसोट्या लावाव्या लागतात.

पहिली विश्वसनीयता. माणसाची स्थिति बदलली नसतां पुन्हां विचारल्यास, अथवा दुसऱ्यानें विचारल्यास, तेंच उत्तर येतें काय? दुसरी सप्रमाणता. जें मोजावयाचें म्हणून प्रश्न केला, तेंच त्यानें मोजलें जातें काय? पहिलीवांचून दुसरी संभवत नाहीं, परंतु पहिली साधली म्हणजे दुसरी साधली असें नव्हे. बनावट सनदेंतहि तिथि, वार व शक बिनचूक जुळविलेले असूं शकतात; तेवढ्यानें ती सनद अस्सल ठरत नाहीं. तसेंच वीस चुकीचे प्रश्न एकमेकांशीं उत्तम जुळूं शकतात. क्रॉनबाख नामक अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५१ सालीं प्रसिद्ध केलेलें जें प्रमाण आज सर्वत्र वापरतात, तें प्रश्नांचा हा आपसांतील मेळच दाखवितें. सत्याशीं मेळ दाखवीत नाहीं.

पहिल्या कसोटींतहि एक फसगत आहे. समजा, दोन प्रगणकांनीं त्याच शंभर माणसांस विचारलें व प्रत्येकानें दहा-दहांस पंगू लिहिलें. दोघांनींहि डोळे मिटून, वाटेल तसे दहा जण निवडले असते, तरी सरासरीनें ८२ माणसांबद्दल त्यांचें एकमत झालें असतें. कारण बहुतेक माणसें धडधाकटच लिहिलीं जाणार. तेव्हां ‘शेंकडा ८२ ठिकाणीं दोघांचें जुळलें’ ह्या बढाईची किंमत शून्य. योगायोगानें होणारें एकमत वजा करून उरलेलें मोजण्याची रीत कोहेन ह्यानें १९६० सालीं दिली. दोन बखरी जुळतात म्हणून हर्षित होण्यापूर्वीं एक दुसरीवरून उतरली आहे काय, हें आपण पाहतों. त्याच जातीची ही सावधगिरी आहे.

पुन्हां विचारण्याचा काळहि विचारपूर्वक ठरवावा लागतो. दोन दिवसांनीं विचारलें तर मनुष्य आपलें पहिलें उत्तर आठवून तेंच सांगतो. सहा महिन्यांनीं विचारलें तर त्याची स्थितिच बदललेली असते. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यांत ह्यांत ऋतूचा भाग मोठा आहे. ज्येष्ठांत पेरणीपूर्वीं विचारलेली बाई आणि दिवाळीनंतर कंबरेस ओटी बांधून दिवसभर कापूस वेचणारी तीच बाई, ह्या दोघींची कंबर एकच उत्तर देणार नाहीं. तो दोष प्रश्नाचा समजणें अन्यायाचें होईल. गणनेची तिथि फेब्रुवारी-मार्चची, म्हणजे वेचणी बहुतेक उरकल्यानंतरची, हीहि गोष्ट तिचे आंकडे वाचतांना ध्यानीं धरली पाहिजे.

४. खुर्ची आणि जमीन

सप्रमाणतेची कसोटी याहून अवघड. कारण येथें भाषा व राहणी यांचा संबंध येतो. कंबरदुखीची सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली इंग्लंडांतील ऑस्वेस्ट्री गांवच्या नांवानें १९८० सालीं प्रसिद्ध झाली. तिचे दहा भाग, प्रत्येकास शून्य ते पांच गुण. बसण्याच्या भागांत विचार केला आहे तो खुर्चीचा. चालण्याच्या भागांत अंतर सांगितलें आहे तें मैलांत व वारांत. सांधेदुखीसाठीं त्याच वर्षीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें निघालेल्या प्रश्नावलींत टबांत बसून स्नान, दुधाचें नवें खोकें उघडणें, मोटारीचें दार उघडणें, असलीं कामें आहेत.

ज्या घरांत खुर्ची पाहुण्यासाठीं असते व घरची माणसें जमिनीवर बसतात, तेथें ‘खुर्चीवर किती वेळ बसतां येतें?’ ह्या प्रश्नाचें उत्तर खरें असूनहि निरुपयोगी असतें. आपल्याकडे गुडघ्याची परीक्षा उकिडवें बसण्यांत, मांडी घालण्यांत, जमिनीवरून हात न टेकतां उठण्यांत होते. कंबरेची परीक्षा ओणवें होऊन निंदण्यांत, डोक्यावर पाण्याची गुंडी चढविण्यांत होते. विलायती कृत्रिम पाय बुटांत घालून खुर्चीवर बसणाराच्या सोयीचा होता. म्हणून १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं जयपुरास असा पाय घडविला कीं, तो लावून अनवाणी चालतां यावें व उकिडवेंहि बसतां यावें. प्रश्नावलीचेंहि तसेंच आहे. ती नुसती भाषांतरून चालत नाहीं, येथल्या जमिनीवर बसवून पाहावी लागते. भारतीय वैद्यांनीं स्टॅनफर्डच्या प्रश्नावलीची येथील राहणीस जुळती आवृत्ति करून २००२ सालीं तिची परीक्षा प्रसिद्ध केली. ऑस्वेस्ट्रीच्या मराठी आवृत्तीची विश्वसनीयता व सप्रमाणता मुंबईंतील शल्यवैद्यांनीं तपासून २०१३ सालीं प्रसिद्ध केली.

परंतु मराठी झाली म्हणजे यवतमाळची झाली असें नाहीं. ह्या जिल्ह्यांत केळापूर, झरी व मारेगांवकडे कोलामी व गोंडी, पुसद-दिग्रसकडे बंजारी बोलणारीं कुटुंबें मोठ्या संख्येनें आहेत. पुस्तकी मराठींतील ‘हालचाल’ हा शब्द तेथें पोंचेपर्यंत प्रगणकाच्या मुखांतून त्याचें काय होतें, हें छापील पत्रकावरून कळत नाहीं.

दुसरी अडचण शब्दाची नसून परिस्थितीची आहे. ‘तुम्हांला कापूस वेचतां येतो काय?’ असें विचारलें असतां मजुरीवर पोट असणारी बाई ‘येतो’ म्हणेल; कारण न वेचून चालत नाहीं. तिनें सांगितली ती गरज, प्रश्न होता सामर्थ्याचा. उलट, सुखवस्तु घरची बाई तेवढ्याच दुखण्यास ‘होत नाहीं’ म्हणेल. अशा रीतीनें दारिद्र्य हें कागदावर आरोग्य होऊन उतरतें. माणूस काय करूं शकतो व काय करितो, हीं दोन निराळीं मानावीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालच्या आपल्या वर्गीकरणांत सांगितलें आहे. काय केल्यावांचून त्यास गत्यंतर नाहीं, हें तिसरें कलम आपल्या जिल्ह्यानें त्यांत जोडावें असें आम्हांस वाटतें.

५. भिगवणचा दाखला

ह्या सर्व अडचणी असतां विश्वासार्ह उत्तर मिळविणें अशक्य आहे काय? तसें नाहीं. १९९६ सालीं पुणें जिल्ह्यांतील भिगवण गांवीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानें चालणाऱ्या योजनेखालीं सांधे व स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. तिची पद्धत तीन पायऱ्यांची होती. प्रथम गांवच्याच शिकविलेल्या स्वयंसेवकांनीं घरोघर जाऊन दुखणें आहे काय एवढें विचारावयाचें. ज्यांनीं होय म्हटलें त्यांच्याकडून दुखण्याची जागा मानवाकृतीच्या चित्रावर दाखवून घेऊन, कामाच्या अडचणींची प्रश्नावली भरून घ्यावयाची. आणि नंतर तज्ज्ञ वैद्यानें त्या माणसास प्रत्यक्ष तपासावयाचें. चार हजारांवर प्रौढांच्या ह्या पाहणींत शेंकडा १८ जणांना असें दुखणें आढळलें.

आमच्या दृष्टीनें ह्या आंकड्याहून पद्धत अधिक मोलाची आहे. तींत सांगितलेलें व पाहिलेलें शेजारीं शेजारीं ठेविलें आहे. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर बखरीस ताम्रपटाची जोड दिली आहे. गणनेंत केवळ पहिली पायरी असते. ती एकटी खोटी नव्हे, परंतु तिच्यावर किती भार घालावा हें दुसरी-तिसरीवांचून कळत नाहीं.

६. निष्कर्ष

एकंदर विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. १८८१ ते १९३१ पर्यंतच्या तक्त्यांवरून वणी-यवतमाळ जिल्ह्यांतील पंगूंविषयीं कांहींच सांगतां येत नाहीं. १९८१ चा आंकडा हा किमान मर्यादेचाहि खालचा समजावा. २००१ व २०११ चे आंकडे आपापल्या व्याख्येपुरते वाचावे. त्यांची वजाबाकी करून सुधारणा अथवा अधोगति सिद्ध करूं नये. आणि ज्या प्रश्नाची विश्वसनीयता व सप्रमाणता त्या मुलखांत, त्या बोलींत, त्या कामाच्या दिवसांत तपासली नाहीं, त्याच्या उत्तरास अस्सल कागदाचा मान देऊं नये.

ही केवळ विद्वानांची कसरत नव्हे. १९९५ च्या व त्यानंतर २०१६ च्या कायद्यानें बहुतेक सवलतींसाठीं शेंकडा ४० अपंगत्वाची रेषा ठरविली. त्या रेषेच्या कोणत्या बाजूस मनुष्य पडतो, ह्यावर त्याचें प्रमाणपत्र अवलंबून असतें. आणि जिल्ह्यांत अशीं माणसें किती असावींत ह्या अंदाजावर तपासणीचीं शिबिरें, उपचारक व साधनें यांची तरतूद ठरते. जो मोजला गेला नाहीं, त्याच्या वांट्याची कुबडीहि कोणाच्या हिशेबांत येत नाहीं.

२०२१ ची गणना झाली नाहीं. जून २०२५ मध्यें निघालेल्या अधिसूचनेनें पुढील गणनेसाठीं १ मार्च २०२७ ही संदर्भतिथि ठरविली. जिल्ह्यांतील अभ्यासकांस आमची विनंति इतकीच कीं, भरलेले आंकडे सरकार छापीलच. आपण कोऱ्या पत्रकांची, प्रगणकांना दिलेल्या सूचनापुस्तिकांची व रुग्णालयांतून वापरल्या जाणाऱ्या मराठी प्रश्नावल्यांची एकेक प्रत, तारीख व ठिकाण नोंदून, जतन करावी. प्रगणकांनीं कोलामी, गोंडी व बंजारी बोलींत तोच प्रश्न कोणत्या शब्दांनीं विचारला, तेंहि त्यांच्याकडून लिहून घ्यावें. उत्तर जपून ठेविलें आणि प्रश्न हरविला, अशी स्थिति झाल्यास शंभर वर्षांनीं येणाऱ्या संशोधकास त्या आंकड्यांतून कांहींच निश्चित काढतां येणार नाहीं.